घसा जागा होईपर्यंत

माणूस चेहऱ्यावरून ओळखायचा असतो असं मला वाटायचं. काकाजी माणसं गळ्यावरून ओळखायचे. बाजारात समोरून कोणी नमस्कार केला की यांची नजर त्याच्या हनुवटीखाली जायची, तिथं जराशी थांबायची आणि मग म्हणायचे, "हाव, तुम्ही मागच्या पोळ्याले आलते. गळा आखूड, पन समजदार."  समोरचा कसनुसं हसून शर्टाचं वरचं बटण लावून घ्यायचा.

मीसुद्धा पहिल्या दिवशी पदर गळ्यापर्यंत ओढून घेतला होता. नव्या नर्सकडे हा पन्नाशीचा माणूस असा टक लावून का बघतोय, ते मला कळेना. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. एवढंच विचारलं, की पाणी पिताना तुला ठसका लागतो काय. मी म्हटलं, लागतो कधीकधी. "चांगलं आहे," ते म्हणाले, आणि निघून गेले.

खामगावातल्या ज्या खाजगी दवाखान्यात काकाजी कंपाउंडर होते आणि मी नर्स, त्याचं नाव सांगण्यात आता अर्थ नाही. तिथं सध्या कापडाचं दुकान आहे. महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मुंबईहून जठर बघायची एक जुनी नळी आणली होती. अर्धी ताठ, अर्धी वाकणारी, टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. ती तोंडातून पोटापर्यंत घालायची आणि वरच्या टोकाला डोळा लावून आतलं बघायचं. आसपासच्या तालुक्यांत असं काही कोणाकडे नव्हतं. खेड्यांमधून आमचा दवाखाना 'पोटात कंदील सोडतात तो' म्हणून ओळखला जायचा. लोक घाबरत घाबरत यायचे, कारण नागपूर-मुंबई त्याहून लांब होती.

जागेपणी गळ्यात बोटभर जाडीची नळी उतरवायची तर आधी घसा बधिर करावा लागतो. नाहीतर माणूस उमासे देऊन देऊन बेजार होतो आणि नळीही आत जात नाही. हे बधिर करायचं काम काकाजींचं. काचेची छोटी बाटली, तिला रबरी फुगा. फुगा दाबला की कडू औषधाचा फवारा घशात. चार-पाच मिनिटांत जिभेचं मूळ जड होतं. मग घशात काय चाललंय ते कळेनासं होतं, स्वतःचा आवंढा दुसऱ्याच कोणी गिळल्यासारखा वाटतो.

इथवर सगळं कोणत्याही दवाखान्यातल्यासारखंच होतं. फरक एवढाच, की पेशंटला फवारा द्यायच्या आधी काकाजी तोच फवारा स्वतःच्या घशात मारून घ्यायचे. पेशंटला सहा, तर स्वतःला सहा. बाटली तीच, माप तेच. "हे पाहा, मी घेतलं. मेलो काय?" असं म्हणून जीभ बाहेर काढून दाखवायचे. एवढं बघितल्यावर घाबरलेला पेशंट निमूट तोंड उघडायचा. डॉक्टरसाहेब म्हणायचे की नळी मी घालतो, पण पेशंटचा घसा उघडतो तो या माणसाच्या खुळेपणामुळे. त्यांनी काकाजींना कधी अडवलं नाही.

नळीचं काम दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं. खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं, असं काकाजींचं म्हणणं. नळी निघाली तरी घसा तासभर तरी बधिरच असतो, आणि तेवढ्या वेळात पेशंटच्या तोंडात पाण्याचा थेंब जाता कामा नये. घसा जागा असला तर वाट चुकलेलं पाणी ठसक्यानं बाहेर येतं. घसा झोपला असेल तर पाणी श्वासनळीत उतरतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही. हे नर्सिंगच्या पुस्तकात मी एका ओळीत वाचलं होतं. काकाजी ती ओळ रोज जगायचे.

तपासणीच्या खोलीच्या खिडक्यांना काळं कापड लावलेलं असे, नळीतून नीट दिसावं म्हणून. भर दुपारीही आत संध्याकाळ वाटायची. खोलीच्या एका कोपऱ्यात मोरी होती, तिच्यापुढे पडदा. नळी निघाली की काकाजी पेशंटला खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः स्टूल ओढून त्याच्या पुढ्यात, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसायचे. दोघांचेही घसे मेलेले, दोघांचीही तोंडं अर्धवट उघडी, दोघांच्याही ओठांच्या कोपऱ्यातून लाळ. कोणी बोलायचं नाही. मी पहिल्यांदा ट्रे घेऊन आत गेले तेव्हा अंधारात ती दोन तोंडं बघून ट्रे माझ्या हातातून पडायचाच राहिला.

या तासात पेशंटला कोणी नावानं हाक मारायची नाही असा त्यांचा नियम होता. कोणी दारातून हाक मारलीच, तर झोपलेल्या घशाचा माणूस ओ द्यायला जातो आणि लाळ चुकीच्या वाटेनं जाते, हे त्याचं शहाणं कारण. पण नातेवाइकांना ते असं सांगत नसत. "नाव घेऊ नका," हळूच म्हणायचे, "आता याच्या दारात चौकीदार नाई. कोनीबी आत येईन." खेड्यातून आलेल्या बायका हे ऐकून तोंडावर पदर घेऊन गप्प बसायच्या. मला हसू यायचं आणि मग त्या खोलीत हसू आल्याची धास्तीही वाटायची.

काकाजींचा घसा पेशंटच्या बरोबर झोपायचा आणि बरोबर उठायचा. हेच त्यांचं घड्याळ. भिंतीवर खरं घड्याळ होतं, चालूही होतं, पण त्याच्याकडे पाठ करून बसायचे. घशात सुई टोचल्यासारखं झालं, गिळताना गिळल्यासारखं वाटलं, की ते उठायचे, मोरीतून एक पितळी गडवा भरून आणायचे, त्यातला पहिला घोट स्वतः घ्यायचे आणि मग पेशंटला द्यायचे. तोवर पेशंटची बायको, आई, भाऊ, जो असेल तो, पाणी द्या म्हणून कधी भांडत नसे. समोरचा माणूस आपल्या माणसाबरोबर तहानलेला बसलाय हे त्यांना दिसायचं. आम्हा नर्सांनी शंभर वेळा सांगून जे झालं नसतं ते यांच्या कोरड्या ओठांनी व्हायचं.

बाकी वेळी माणूस सरळ होता, म्हणजे वाकडा असून निरुपद्रवी. लग्नकार्यात शेवटच्या पंगतीला बसायचे आणि आधीच्या पंगतींची गिळण्याची पद्धत बघत उभे राहायचे. "ही म्हातारी अर्धं गिळून राह्यली, अर्धं गालात ठेवून राह्यली," असं माझ्या कानात सांगायचे. चहा इतका कडकडीत गरम प्यायचे की बघणाऱ्याची जीभ पोळावी. बायको नव्हती. साखरखेर्ड्याला दूरचं कोणी होतं म्हणतात, पण ते कधी आलेलं मी पाहिलं नाही. मीठ कमी-जास्त कळायचं नाही, म्हणून डब्यातली भाजी आधी मला चाखायला लावायचे. या चाखण्यातून आमची जवळीक झाली असं म्हटलं तरी चालेल.

त्या गडव्याबद्दल मी एकदाच विचारलं. मोरीत स्टीलचे पेले होते, काचेचे होते, पण काकाजी त्या गडव्याशिवाय पाणी देत नसत. रोज चिंचेनं घासून लखलखीत ठेवायचे. भांड्यांवर नाव कोरायची पद्धत असते, तसं त्याच्या काठाखाली एका बाईचं नाव कोरलेलं होतं. घासून घासून ते निम्मं गेलं होतं. मी ते वाचायला लागले तशी त्यांनी माझ्या हातातून गडवा काढून घेतला.

"नको घेऊ नाव," ते म्हणाले.

मग स्वतःहूनच सांगितलं. मी लागायच्या चार-पाच वर्षं आधी, नळी आमच्याकडे नवी नवी असताना, साखरखेर्ड्याकडची एक बाई आली होती. तिशीचीही नसेल. पोटदुखी. पाणी कधी द्यायचं ते काकाजी तेव्हा घड्याळ बघून सांगायचे. त्या दिवशी गर्दी होती, पुढचा पेशंट टेबलावर होता. ते मला जे बोलले ते मी विसरलेले नाही.

"मी घड्याळ पाह्यलं अन् म्हनलं, द्या पानी. सासूनं हा गडवा तिच्या तोंडाले लावला. लय तहानली होती, घटाघटा पेली. ठसका नाई, खोकला नाई. कायचा खोकला? घसा झोपेलच होता. पानी छातीत उतरून राह्यलं अन् ते माह्याकडं पाहून हसली. म्हने, बरं वाटलं, दादा." त्यांनी गडव्याचा काठ अंगठ्यानं पुसला. "तिसऱ्या रोजी गेली. एकडाव जरी खोकलली असती ना बाई, तर म्या गडवा खाली घेतला असता."

घरच्यांनी तिला बैलगाडीतून नेलं. गडवा राहिला. न्यायला कोणी आलं नाही, आणि परत नेऊन द्यायची यांची हिंमत झाली नाही. त्याच आठवड्यापासून काकाजी स्वतःच्या घशात फवारा मारायला लागले.

यानंतर मी त्यांच्यावर हसायचं सोडलं.

माझ्या बाबांचं दुखणं निघालं ते माघात. आम्ही देऊळघाटचे. घरची थोडी शेती, बाबा जन्मभर औतामागे चाललेले. कधी डोकं दुखतं म्हणाले नाहीत, आणि एकाएकी काळी उलटी झाली. बुलढाण्याला दाखवलं, तिथं म्हणाले पोटात गाठ असू शकते. मी त्यांना मोटारीत घालून घाटाखाली खामगावला आणलं. गाठ म्हणजे काय ते मला माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं आणि मला ते कळू द्यायचं नव्हतं. वडील टेबलावर आणि आपण नर्स, हे फार वाईट. हात आपलं काम करत राहतात आणि बाकीची आपण मात्र लहान मुलगी झालेली असतो.

काकाजींनी बाबांचा गळा बराच वेळ बघितला. मग सहा फवारे स्वतःला, सहा त्यांना. बाबांना डाव्या कुशीवर निजवलं, डॉक्टरसाहेबांनी नळी घातली, मी हात धरला. बाबा हूं का चूं न करता पडून होते. डॉक्टरसाहेब नळीतून बघता बघता माझ्याकडे वळून म्हणाले, गाठ नाही, जखम आहे, औषधानं भरेल. मी तिथंच रडले. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की आता काही वाईट होणं शक्यच नाही.

मग बाबा आणि काकाजी समोरासमोर बसले. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. दवाखान्यामागच्या जिनिंग कारखान्याची घरघर भिंतीतून येत होती, रुईचा भुरका दारांच्या फटींतून आत यायचा आणि आख्खं खामगाव खोकत असायचं. तास झाला. बाबा खुणेनं पाणी मागायला लागले. काकाजी स्टुलावरून हलले नाहीत. सव्वा तास झाला. बाबा बोलायला लागले, जीभ जड होती पण शब्द स्पष्ट. घसा मोकळा झाला म्हणाले, सकाळपासून घोट नाही म्हणाले, मग जरा चिडून म्हणाले, "अवं माय, पानी दे ना वं. पोटची पोर असून बापाले काऊन तडपवून राह्यली?"

दीड तास झाला तेव्हा माझाही धीर सुटला. भिंतीवरच्या घड्याळानं कधीच होकार दिला होता. मी कापूस गुंडाळलेली काडी घेतली आणि बाबांच्या घशात मागच्या बाजूला लावली. त्यांना सणकून उमासा आला. झालं, घसा जागा होता. पुस्तकात हेच लिहिलेलं आहे. मी पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्या ओठांपाशी नेलं.

काकाजींनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"थांब बाई. अजून खोकलली नाई."

कोण, असं विचारायचंही मला सुचलं नाही. मला संताप आला होता. आपल्या बापाला एक येडा माणूस तहानलेला ठेवतोय आणि आपण त्याचं ऐकतोय. मी म्हटलं, काकाजी, घसा आला आहे, मी आत्ता बघितलं. त्यांनी बाबांच्या गळ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "उजव्या अंगाले पाह्यलं. डाव्या अंगाले पाह्य."

मी काडी डाव्या बाजूनं घातली. पडजिभेच्या मागे, चांगली खोल. बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काही लागलं नव्हतं. मी दाबली. तरीही ते बघतच होते, आता काय करायचं असं विचारल्यासारखे. कुशीवर निजवल्यावर सगळं औषध डावीकडे साचलं होतं आणि अर्धा घसा मेलेलाच होता. पेला मी खाली ठेवला.

आम्ही आणखी वाट बघितली. किती ते मी मोजलं नाही. मग काकाजींनी मान जराशी वळवली, मोरीच्या पडद्याकडे, आणि उठले. "आता दे," म्हणाले. मी आधी काडीनं डावीकडे बघितलं. बाबांना उमासा आला. काकाजींनी गडवा भरला, पहिला घोट घेतला आणि बाबांच्या हातात दिला. बाबा प्यायले, घाईत त्यांना ठसका लागला आणि ते खोकून खोकून लाल झाले. इतका गोड आवाज मी कधी ऐकलेला नाही.

बाबा झोपल्यावर मी काकाजींना मोरीशी गाठलं. डाव्या बाजूचं त्यांना कसं कळलं ते मला हवं होतं. मला वाटलं म्हणतील, माझाही डावा भाग उशिरा आला. पण ते कुशीवर निजले नव्हते, हे मलाही कळत होतं.  मग त्यांनी माझ्या हातातली काडी मागून घेतली, कापूस बदलला, परत माझ्या हातात दिली आणि आ केला.

मी काडी आत घातली. डावीकडे, उजवीकडे, मधोमध. माझी बोटं त्यांच्या दातांना लागेपर्यंत ती आत गेली आणि काकाजी शांतपणे माझ्या गळ्याकडे बघत उभे राहिले. पापणी हलली नाही. आतली कातडी फिकट होती. भिंतीला काडी लावावी तशी ती लागत होती.

"दिवाळीपासून नाई आला," ते म्हणाले. "जाते तो येतेच असं नाई."

मग तुम्हाला सांगतं कोण, मी विचारलं. 

"ते बाई खोकलते ना. पडद्यामागं." जशी घरातली गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं. "पेशंटचा घसा आला का खोकलते. तेव्हा नाई खोकलली, आता खोकलते. चुकत नाई."

मी पडदा सारला. ओली फरशी, नळ, चिंचेचा गोळा. मागच्या भिंतीपलीकडे जिनिंगमध्ये बायका खोकत होत्या. हंगामात खामगावात खोकल्याला काय तोटा? मी स्वतःला तेच सांगितलं, आणि दिवाळीपासून आमच्याकडचा एकही पेशंट बिघडला नव्हता हे स्वतःला सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट मात्र मला लगेच कळली, आणि तीच पुढे मला पुरली. झोपलेल्या घशानं हा माणूस रोज त्या गडव्यातला पहिला घोट घेत होता. रोज थोडं पाणी त्याच्या स्वतःच्या छातीत उतरत होतं, आणि त्यालाही खोकला येत नव्हता. मी म्हटलं, डॉक्टरसाहेबांना सांगते. त्यांनी हात जोडले. "सांगशीन तर मले या खोलीतून काढतीन. मंग पानी केव्हा द्या, हे कोन सांगीन?" मी म्हटलं, निदान पहिला घोट तरी घेऊ नका. हाव म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी दारात उभी होते. ते गडवा तोंडाला लावून प्यायले, कारण पेशंटची आई त्यांच्याकडे बघत होती.

मी सांगितलं नाही. बाबा त्या खोलीतून चालत बाहेर आले होते, त्या उपकाराखाली माझं तोंड बंद झालं असं मी इतकी वर्षं म्हणत आले. पण त्यात भीतीही होती. काय सांगणार होते मी डॉक्टरसाहेबांना? पडद्यामागे कोणी खोकतं म्हणून? मला हसतील, याची मला जास्त काळजी होती. हे लाजिरवाणं आहे, पण असंच होतं.

भाद्रपदात काकाजी पडले. ताप, छातीत घरघर, ओठ निळसर. डॉक्टरसाहेबांनी छाती तपासली, मग घसा तपासला, आणि त्यांचा चेहरा उतरला. तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं मला बजावून त्यांनी काकाजींना विचारलं, हे घशाचं कधीपासून? काकाजींनी माझ्या गळ्याकडे बघितलं. "कालपासून," म्हणाले.

काकाजींच्याच सांगण्यावरून त्यांना तपासणीच्या खोलीतच ठेवलं होतं. जिनिंग तेव्हा बंद असतं. कापूस अजून झाडावरच होता. मागचं आवार सुनं, रुई नाही, मजूर नाहीत, भिंतीतली घरघर नाही. सलाइनचे थेंब ऐकू यावेत इतकी शांतता. मी स्टूल ओढून त्यांच्या पुढ्यात बसले, ते बसायचे तशी. दोन दिवस त्यांच्या तोंडात काही नव्हतं. ओठांना चिरा पडल्या होत्या. मी ओल्या कापसानं ते पुसायची, पिळून काढलेल्या कापसानं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा श्वास बदलला. शेजारच्या वॉर्डातल्या एका पेशंटची म्हातारी आई दारात येऊन उभी होती. तिनं बघितलं, तिला कळलं. ती मला म्हणाली, "पोरी, आता तरी तोंडात पानी घाल वं त्याच्या. असा कोरडा नको जाऊ देऊ मानसाले." जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं असतं. हे मला कोणी शिकवायला नको होतं. गडवा भरून खाटेशेजारी ठेवला होता, तोही मीच.

काकाजींनी डोळे उघडले. कान गेले असावेत, कारण म्हातारीचं त्यांना ऐकू आलेलं दिसलं नाही. त्यांनी हळूहळू मान पडद्याकडे केली आणि मला विचारलं, "खोकलली काय?"

एक हो म्हणायचा अवकाश होता. ते पाणी प्यायले असते. तास-दोन तास आधी गेले असते, एवढंच. पण त्या माणसाला मी या एका बाबतीत खोटं कसं सांगणार होते? मी कान दिला. सलाइन ठिबकत होतं. बाकी काही नाही.

"नाई, काकाजी," मी मानेनंही खूण करत म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मंग थांबू," म्हणाले, आणि डोळे मिटले.

ते थांबले. मीही थांबले. म्हातारी मला काहीबाही बोलून निघून गेली. कधीतरी श्वास लांबला, मग पुढचा आलाच नाही. ओठ तसेच कोरडे, तोंड अर्धवट उघडं, दोघं समोरासमोर बसायचे तेव्हा असायचं तसं. मी नाडी बघितली, सलाइन बंद केलं. आता खोलीत कसलाच आवाज नव्हता. पायाशी घडी घालून ठेवलेली चादर मी उचलली.

तेव्हा माझ्या पाठीमागे, पडद्याच्या पलीकडे, कोणीतरी खोकलं. एकदाच, हलकेच, तोंडावर पदर घेऊन बाया खोकतात तसं.

मी मागे वळून बघितलं नाही. चादर खाली ठेवली, गडवा उचलला आणि त्यांच्या तोंडात पाणी घातलं.